माझी चौदावी आकृती

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. गोष्टीचा नाही, पत्राचाही नाही. वीतभर लांबीच्या खेळण्यातल्या मोटारीचे दोनशे बारा सुटे भाग कसे जोडायचे, हे सांगणारा मी सूचनांचा कागद. खेळणे म्हटलेले कारखान्यातल्या लोकांना आवडत नसे, कारण ती एका खऱ्या जुन्या मोटारीची हुबेहूब प्रतिकृती होती. माझ्या अंगावर एकतीस आकृत्या आहेत. त्यांतल्या तीस आकृत्यांचा मला अभिमान आहे. उरलेल्या एकीविषयी बोलायचे म्हणजे माझी मान खाली जाते, पण आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

मला एका चित्रकाराने काढले. तो गाडीचा एकेक भाग स्वतः जोडायचा आणि मगच आकृती रेखाटायचा. चौदाव्या टप्प्याला पुढची चाके वळवणारे दोन बारीक दांडे बसवायचे होते, तेवीस आणि चोवीस नंबरचे. दिसायला दोघे जुळे भाऊ. वरून ते नीट दिसेनात, म्हणून त्याने गाडी पालथी घातली आणि खालच्या बाजूने चित्र काढले. शेजारी पेन्सिलीने लिहिले, 'खालून पाहताना'.

तेवढ्यात त्याचे साहेब आले. साहेबांना कागद स्वच्छ हवा होता.

"चित्र बोलतंय ना? मग ही शब्दांची गर्दी कशाला?"

"साहेब, नाहीतर उजवं-डावं उलटं होईल," चित्रकार म्हणाला.

"लोक काय इतके बावळट असतात का?"

साहेबांशी हुज्जत कोण घालणार? चित्रकाराने मुकाट्याने खोडरबर फिरवला. मग मी हजारोंच्या संख्येने छापला गेलो. यंदाचा कागद मोठा देखणा झाला आहे, असे छापखान्यात सगळे म्हणाले आणि मी शेफारून गेलो. देखणेपणाने कुणाचे काम अडते की होते, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

दुकानाच्या फळीवर वर्षभर धूळ खाल्ल्यावर एका बाईने माझे खोके उचलले. ते तिच्या वडिलांसाठी होते. वडील मेकॅनिक. स्वतःच्या गॅरेजात चाळीस वर्षे काम केलेला माणूस. सहा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आता बोटे हलू लागली होती. हाताला बारीकसारीक कामाची सवय लावा, असे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते.

खोके उघडले त्या दिवशी मेकॅनिकचा धाकटा भाऊ तिथेच होता. आपली नोकरी करून तो कसेबसे गॅरेज सांभाळत होता आणि मेटाकुटीला आला होता. गॅरेज घ्यायला एक माणूस तयार होता. त्याला महिनाअखेर उत्तर हवे होते.

"ही गाडी माझ्या हातानं पुरी झाली, तर मी गॅरेजला परत येणार," मेकॅनिक म्हणाला. "नाही झाली, तर तू खुशाल त्या माणसाला हो म्हण."

"दादा, खेळण्यावर काय ठरवतोस?"

"मग कशावर ठरवू?"

हे ऐकून माझ्या घड्या कडक झाल्या. एवढी मोठी जबाबदारी आपल्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

पहिल्या तेरा आकृत्या दहा दिवसांत झाल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी मेकॅनिक सकाळी बसायचा. चिमटा पडायचा, गोंद बोटांना चिकटायचा, एकदा मागचा दिवा उडून कपाटाखाली गेला आणि त्याच्या बायकोने झाडूच्या दांड्याने तो बाहेर काढला. पण हात दिवसेंदिवस ऐकू लागला. "काय रेघ आहे बघ," तो तिला म्हणाला. "ज्यानं काढलंय त्याला गाडी कळते." इतके कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आले नाही.

अकराव्या दिवशी चौदावी आकृती आली. लेकही त्या दिवशी घरी होती. मेकॅनिकने माझ्याकडे एकदा पाहिले आणि लगेच म्हणाला, "ही पालथी गाडी आहे. मी जन्मभर गाड्यांखाली लोळलोय. खालून असंच दिसतं."

लेकीने मला हातात घेतले. "पण बाबा, तसं कुठं लिहिलंय? बाकीच्या सगळ्या आकृत्या वरूनच आहेत. त्यांनी तपासूनच छापलं असेल ना. तुम्ही आपल्या मनाचं नका करू."

ती चुकीचे काही बोलली नव्हती. लिहिलेले नव्हतेच. मेकॅनिकने मला डोळ्यांजवळ धरले, फिरवले, पुन्हा खाली ठेवले.

"असेल बाई. हल्ली माझ्या डोक्याचा काही भरवसा नाही."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो. तुमचेच बरोबर आहे, माझे चुकले आहे! पण कागदाला छापलेले तेवढेच बोलता येते.

त्याने मी दाखवले तसे दांडे बसवले. स्टिअरिंग फिरवले तर एक चाक इकडे वळले आणि दुसरे तिकडे, भांडून निघालेल्या नवरा-बायकोसारखे. त्याने दांडे काढले, मला पुन्हा वाचले, पुन्हा तसेच बसवले. पुन्हा तेच. तो दरवेळी मला वाचत होता आणि दरवेळी स्वतःला दोष देत होता. तिसऱ्या वेळी चोवीस नंबरचा दांडा काडकन मोडला.

बायको स्वयंपाकघरातून आली. "अहो, राहू द्या आता. हात दमला असेल."

"हाताचं नाही गं. हात ऐकतोय," तो म्हणाला. "डोकं गेलंय. वाचलेलं कळत नाही मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. मेकॅनिकने त्याला बसूही दिले नाही.

"देऊन टाक गॅरेज."

"दादा, अजून आठ दिवस आहेत."

"ज्याला साधं चित्र कळत नाही त्याच्या हातात कुणी गाडी द्यावी का? उद्या ब्रेक उलटा बसवला, तर माणूस जाईल कुणाचा तरी."

आठवड्याच्या आत सह्या झाल्या आणि गॅरेजवर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली. मेकॅनिकने टेबलाकडे पाहणेही सोडले. बोटांचे व्यायामही त्याने टाळले. मी अर्ध्या गाडीखाली पडून होतो आणि माझ्यावर चहाच्या कपाचे गोल उमटत होते.

मग एका दुपारी बायको सगळा पसारा खोक्यात भरायला बसली. अर्धी गाडी तिच्या हातातून निसटली आणि पालथी होऊन नेमकी माझ्या चौदाव्या आकृतीवर पडली. आकृती गाडीच्याच मापाची होती. रेघेवर रेघ बसली. बायको खाली वाकून बघतच राहिली.

"अहो, जरा इकडे या. ही पालथी ठेवली की जुळतंय सगळं."

तो आला. गाडी उचलून पुन्हा आकृतीवर पालथी ठेवून पाहिली. मग खाली बसला, मोडका दांडा गोंदाने सांधला आणि वाळल्यावर दोन्ही दांडे उलट बाजूंना बसवले. स्टिअरिंग फिरवले. दोन्ही चाके एकदमच डावीकडे वळली. त्याला आनंद झाला नाही. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला," एवढेच तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

संध्याकाळी लेक आली आणि ऐकून रडू लागली. "मीच म्हणाले होते ना बाबा, तपासून छापलं असेल म्हणून."

"तू कागदावर विश्वास ठेवलास. मीही ठेवला," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने कारखान्याला पत्र लिहिले. उजव्याच हाताने लिहायचा हट्ट होता, म्हणून सहा ओळींना चार दिवस लागले. अक्षर किडामुंगीसारखे आले होते. बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवले. "तुमच्या चौदाव्या आकृतीशेजारी 'खालून' एवढा शब्द लिहा. तो नव्हता म्हणून मला वाटलं, माझी बुद्धी गेली. मी माझं गॅरेज देऊन टाकलं."

"गॅरेजचं कशाला त्यांना?" ती म्हणाली.

"राहू दे. नुसती चूक कळवली, तर फाइलला लावून मोकळे होतील."

मित्रांनो, उत्तर अजून आलेले नाही. तुम्ही कधी कुणाला काही समजावून सांगाल, तेव्हा ज्याला ते करायचे आहे त्याच्या जागी एकदा बसून पाहा आणि शब्दांची कंजूषी करू नका. माझे हजारो भाऊ अजून घरोघरी उघडले जात असतील. त्यांतला एखादा तुमच्या घरी आला आणि त्याच्यापाशी कुणी कपाळाला हात लावून बसलेले दिसले, तर खेळायला जाण्याआधी क्षणभर थांबा. चूक कागदाची आहे, असे त्या माणसाला सांगा. त्याने काही ठरवण्याच्या आत सांगा.