कापसाचा बोळा

त्या दिवशी अप्पांनी दुपारी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, मीठ जास्त झालंय म्हणून मला बोलले, आणि दिवस कलायला लागल्यावर चंद्रीचं पिल्लू ओसरीवर आणायला सांगितलं.

चंद्री आमची कारवानी जातीची शिकारी कुत्री. तिच्या वंशात दर वेताला एखादं पिल्लू असं निघायचं, की अंधार पडला की भिंतीला धडकायचं. अप्पांचंही तसंच झालेलं. आधी रात्रीचं दिसेना, मग दिवसाचंही. एका संशोधन संस्थेतले डॉक्टर मल्लिनाथ आमच्या गावी, वळसंगला, दोनतीनदा येऊन गेले होते. माणसांच्या अशा आजारावरचे उपचार आधी या कुत्र्यांवर करून बघतात. त्यासाठी आंधळ्यांची जोडी लावून तशीच पिल्लं वाढवावी लागतात, असं ते समजावायचे. अप्पा असं पिल्लू द्यायला तयार होईनात.

“मुद्दाम आंधळं जन्माला घालायचं व्हय? मला आधी कळलं असतं तर मी लगीनच केलं नसतं.” मग माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून, “ही पोर यातनं वाचली म्हणून बरं.”

मी नेहमी उजेड असेतोवर सोलापूरला परतायचे, कॉलेजचे पेपर तपासायचेत असं सांगून. त्या दिवशी थांबले.

अप्पांनी पिल्लासमोर कापसाचा बोळा सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही. दिसला तरच पिल्लू मान वळवतं. पूर्वी हे ते स्वतः बघत.

“वळली का मान?”

मला कापूस दिसला नाही, पिल्लूही नाही. समोर नुसता करडा अंधार होता.

“वळली.”

ते खूश झाले. लगेच डॉक्टरांना फोन लावून घेतला: हे पिल्लू चांगलं आहे, पोरीनं बघितलंय, आता खेपा घालू नका. त्याच रात्री झोपेत ते गेले.

महिन्याभरानं डॉक्टर भेटायला आले. दिवेलागण झालेली. पिल्लू उंबऱ्याला धडकलेलं मी ऐकलं. त्यांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. मग म्हणाले, तुमचे वडील महादेवप्पा तर सांगत होते तुम्ही पाहिलंत. आणि विचारलं, नेऊ का याला?

प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता. मी पिल्लू मांडीवर घेतलं आणि अप्पांची बाज जिथं असायची तिकडे तोंड केलं.

“अप्पा, मलाबी अंधारात दिसत न्हाय. लई वर्सं झाली. तरी तुमी लगीन केलं, ते बरं केलं.”