पंच्याण्णवपर्यंतची रेघ

बाबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला तेव्हा मी हेडीच्या तोंडातून लाकडाची ढलपी काढत होते. दहा महिन्यांची माझी रांगती लेक आणि घरात पेटती शेगडी, म्हणजे माझा एक डोळा कायम जमिनीवर.

"अगं, तिला राहू दे. इकडे बघ," बाबा म्हणाले. "पंच्याण्णव! मी पंच्याण्णवचा होईपर्यंत पैसे पुरतात. पुरून उरतात."

पडद्यावर एक निळी रेघ होती. थोडी वर जाऊन मग सपाट, शेवटपर्यंत. म्हातारपणाचा हिशेब मांडून देणारी ती एक फुकटची साइट होती. सगळे आकडे बाबांनी एकट्याने भरले होते, आठवडाभर खपून.

आई गेल्या वर्षीपासून सरोवराकाठच्या म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये आहे. स्मृती गेलेल्यांसाठी तिथे वेगळा भाग आहे, दारांना कुलपं असतात. आधी ती घरीच होती. एका पहाटे झोपायच्या झग्यावर बर्फातून खाणीच्या रस्त्यापर्यंत चालत गेली, आणि दोन बोटांची टोकं गमावून परत आली. मग इलाज उरला नाही. होममध्ये ती शांत असते. ती शेवटपर्यंत तिथेच राहावी, एवढंच बाबांना हवंय. आपले पैसे संपले की सरकार खर्च उचलतं, पण हे होम सरकारी पैशावर माणसं ठेवत नाही. ठेवणारं जवळात जवळचं दोन तासांवर आहे, आणि हिवाळ्यात तो रस्ता चालू कमी, बंद जास्त.

"हे पिवळे खांब कसले?" मी विचारलं.

"ते सरकारचे! मला त्र्याहत्तर लागलं ना. आता दरवर्षी निवृत्तीच्या खात्यातून ठरावीक पैसे काढायचेच, सक्ती आहे. नाही काढले तर दंड. जन्मभर सरकार म्हणालं, आर्नी, आण इकडे. आता म्हणतंय, आर्नी, घे बाबा!"

ते हसले. माझं लक्ष उत्पन्नाच्या रकान्याकडे गेलं. वर दोघांचं सरकारी पेन्शन, खाली खाणीचं, आणि त्याच्या खाली पिवळ्या खांबांचा आकडा बाबांनी हाताने लिहिलेला.

"बाबा, हे उत्पन्नात का टाकलंत?"

"येतात म्हणून."

"कुठून येतात?"

"खात्यातून."

"कुणाच्या?"

"माझ्याच की—" आणि ते थांबले.

"साइट ते खात्यातून आपणहून काढतेच आहे. तुम्ही पुन्हा जमेला धरलेत, तेही वरून आल्यासारखे. या खिशातून त्या खिशात गेले, बाबा. वर त्यांच्यावर कर आहे तो वेगळाच."

"चाळीस वर्षं खाणीत विजेच्या तारा जोडल्या मी. एकाला शॉक बसू दिला नाही."

"माहितीये."

"मग पूस ते."

मी पुसलं. रेघ वाकली. पंच्याण्णवला पोचायच्या आतच जमिनीला लागली. बाबा चष्मा वर करून बघत राहिले. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण महागाईची चौकट शेजारीच होती. अडीच टक्के.

"टीव्हीवर तेच सांगतात," बाबा आधीच म्हणाले.

"टीव्हीवर अंडी आणि पेट्रोल सांगतात. होमची फी जानेवारीत किती वाढली?"

"आठ टक्के."

"आणि त्याआधी?"

"तेवढीच. त्यांनी नवीन बॉयलर बसवला होता."

"दरवर्षी काहीतरी बसवतातच, बाबा."

फीच्या पुढे मी आठ लिहिलं. रेघ एखाद्या उतारावरून सुटलेल्या घसरगाडीसारखी खाली आली आणि त्र्याऐंशीला टेकली. बाबा त्र्याऐंशीचे, आई एक्क्याऐंशीची. आईची आई अठ्ठ्याण्णवला गेली होती.

"तुझ्या कॉलेजची फी मी भरली," बाबा म्हणाले. "हे ऐकायला."

मी आठचा आकडा पुन्हा एकदा तपासला.

"घर विकलं तर?"

"वर्ष-दोन वर्षं वाढतील. तुम्ही राहाल कुठे?"

"ते बघू. नाहीतर तिला घरी आणतो."

हेडी शेगडीकडे निघाली होती. मी उठून तिला उचललं. बाबांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. माझा नवरा नील मालवाहू बोटीवर असतो, सरोवरावर बर्फ धरेपर्यंत घरी येत नाही. दिवसभर एकीला आगीपासून सांभाळायचं आणि दुसरीला दारापासून. 'मी आहे ना' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्यांनीही वाट पाहिली नाही.

त्यांनी पडदा स्वतःकडे ओढला. खाली दोन चौकटी होत्या: कुठल्या वयापर्यंत हिशेब धरायचा, त्यांच्यासाठी एक, आईसाठी एक. आपल्या चौकटीतलं पंच्याण्णव पुसून त्यांनी एकोणऐंशी लिहिलं.

"बाबा, काय करताय?"

"बघू तर दे."

रेघ जेमतेम एक वर्ष पुढे सरकली. त्यांच्याबरोबर त्यांचं पेन्शनही जाणार होतं ना.

"एवढंच?" बाबा म्हणाले. "मरून एकच वर्ष? इतका स्वस्तात जगतो होय मी!"

मला हसू आलं आणि लगेच रडू. ते मात्र थांबले नव्हते. दुसऱ्या, आईच्या चौकटीत बोट ठेवून त्यांनी हळूच अठ्ठ्याहत्तर लिहिलं.

रेघ वर आली. वर, सपाट, पडद्याच्या टोकापर्यंत सुखरूप.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. शेगडीत लाकूड तडकलं तशी हेडी दचकली. बाबांनी घाईघाईने आकडा पुसला आणि पुन्हा पंच्याण्णव लिहायला गेले, तर बोट दोनदा भलत्याच बटणावर पडलं.

"कुणी बनवलंय गं हे?" ते म्हणाले. "असला रकाना ठेवतात का?"

दुपारी आम्ही होममध्ये गेलो. बाबा रोज आईबरोबर जेवतात, आणि त्या दिवशी त्यांना एकट्याने जाऊ द्यायची मला भीती वाटली. दारातच डोरीन भेटली, तिथली मुख्य नर्स. तिने हेडीचा गालगुच्चा घेतला.

"आर्नी, आज गोड बातमी! सकाळी डॉक्टर येऊन गेले. लोर्नाचं हृदय पन्नाशीच्या बाईसारखं चालतंय. वजनही वाढलंय. बघाच तुम्ही, इथेच शंभरी साजरी करू हिची!"

"वा," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दोघींत एक अशी खोली असते का हो तुमच्याकडे? जरा कमी फीची?"

"होती. बंद केली. कुणी घेईना. का हो? लोर्नाला तर तिची खोली फार आवडते."

"सहज विचारलं."

आई खिडकीपाशी बसली होती. मांस-बटाटा भरलेली कणकेची गरम पेस्टी तिने संपवली, बोटं चाटली आणि ताट पुढे सरकवलं.

"अजून आहे?" तिने बाबांना विचारलं, एखाद्या वाढप्याला विचारावं तसं.

बाबा उठले. दुसरी घेऊन आले, लहान तुकडे करून तिच्यापुढे ठेवली. ती मन लावून खात होती. मी हेडीला मांडीवर घट्ट धरून आईचा एकेक घास बघत राहिले, आणि मान वर केली तर बाबाही तेच करत होते.