पुराव्याचा फ्रीझर

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. माझ्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'पुरावे. खाद्यपदार्थ ठेवू नयेत.' वाचता इथे सगळ्यांना येतं. दुःख तेच आहे.

नारिनच्या डोंगरांतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी आलो तेव्हा केवढं कौतुक झालं! चोरट्या शिकाऱ्याने कातडं पुरलं, शिंगं विकली, तरी मांसाच्या तुकड्यातला डीएनए सांगतो, हा प्राणी कोणता. तो तुकडा तपासणीपर्यंत शाबूत राखणं हे माझं काम. पण हिवाळा आला. थंडीच्या तोंडाशी इकडे घरोघरी घोडा कापतात आणि ते मांस वसंतापर्यंत पुरवतात. चौकीदार ओमुरकानने माझं दार उघडलं नि म्हणाला, "एवढी जागा रिकामी? पाप लागेल!" झालं. पुरावे आणि ओमुरकानचं घोड्याचं मांस माझ्या पोटात शेजारी शेजारी नांदू लागले.

त्यातच वनरक्षक सागिनने लाल सीलचं पुडकं आणलं. गावातल्या तुरातने रानमेंढा मारला, त्याचं मांस. तुरात म्हणे, "माझीच पाळलेली मेंढी!" गावही त्याच्याच बाजूने. सागिन खोटा ठरला, तर त्याची वर्दी जाणार होती.

निकाल विचारायला तो बर्फातून आला, तेव्हा तपासणी करणाऱ्या जिपारताई शहरात होत्या. पाहुण्याला उपाशी कसं धाडायचं? ओमुरकानने माझ्या पोटात हात घातला, लागलं ते पुडकं फाडलं आणि पातेलं चढवलं. मी नुसता घरघरलो. दुसरं काय करणार?

जिपारताई परतल्या. "लाल सीलचं पुडकं कुठंय?"

ओमुरकानने सागिनकडे बघितलं. सागिनने स्वतःच्या पोटाकडे.

"निदान हाडं?"

"कुत्र्याला घातली, ताई."

"मग कुत्र्याला उभं करू का कोर्टात?"

तुरात सुटला. भर बाजारात त्याने हाक मारली, "काय सागिन, पुरावा चवीला कसा होता?" सागिनची वर्दी थोडक्यात वाचली, पण वरून साहेबांची ताकीद आली, पुन्हा असं झालं तर वर्दी उतरवून ठेव.

वसंतात सागिनने पुन्हा पुडकं आणलं. या वेळी मांस तुरातच्या खोगिराच्या पिशवीत सापडलं होतं. पुडकं आत ठेवून तो माझ्या दाराला पाठ लावून बसला. जिपारताईंनी तपासणीला तुकडा काढला तेवढ्यापुरता सरकला, एरवी खिशातले वाळक्या दह्याचे गोळे चघळायचा, पण जागचा हलेना. ओमुरकानने रोटी पुढे केली, तर तीही नको! आमच्याकडे रोटीचा तुकडाही न मोडणं म्हणजे घराचा अपमान.

"अरे, भट्टीतून काढलीय ही, फ्रीझरमधून नाही!"

"निकाल आल्यावर, दादा."

शेवटी जिपारताई कागद घेऊन बाहेर आल्या. "रानमेंढाच!"

सागिनने रोटी मोडली आणि पहिला तुकडा ओमुरकानच्या हातावर ठेवला.

मित्रांनो, मारलेल्या जनावराला स्वतःची बाजू एकदाच मांडता येते, आणि तीही माझ्या पोटात जपली गेली तर. म्हणून दार उघडण्याआधी दारावरचं वाचत जा. काल ओमुरकानने वाचलं, अगदी मोठ्याने वाचलं. आणि आत लोण्याचा डबा ठेवत म्हणाला, "लोणी म्हणजे काय मांस आहे?"