ताडपत्रीचा नियम

गोव्यात साखळी गावाजवळच्या एका शाळेत गौरवी पर्यावरणाचे वर्ग घ्यायला जायची. संस्था पणजीची, खर्च खाणकंपनीचा. तिने मुलांना पांढऱ्या कागदांवर खोबरेल चोपडायला लावलं आणि ते रस्त्याकडेच्या कुंपणांवर बांधले. शाळा सुटेपर्यंत खनिजाच्या धुळीने कागद तांबडे झाले. मग तिने नियम सांगितला: खनिजाच्या ट्रकवर ताडपत्री हवीच.

सातवीतली अंकिता हे मन लावून ऐकत होती. तिचा बाप शिवदास मूळ दोडामार्गचा, इथे खनिजाचा ट्रक चालवायचा.

समारोपाला कंपनीचे व्यवस्थापक आले. भाषण आटोपून त्यांनी मुलांना काहीही विचारायची मुभा दिली. गौरवीनेच अंकिताच्या हातात माईक दिला.

"पप्पा म्हणतात, ताडपत्री बांधत बसलं तर एक ट्रिप कमी होते आणि सुपरवायझर शिव्या घालतो. मग हा नियम कोणासाठी आहे?"

व्यवस्थापक हसले. मुलीच्या धिटाईचं कौतुक करून त्यांनी चौकशीचं आणि कारवाईचं आश्वासन दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, गौरवीनेही.

कारवाई खरंच झाली. ताडपत्री बांधत नाही म्हणून ट्रकमालकाने शिवदासला काढून टाकलं. ज्याची पोर भर सभेत असं बोलते, त्याच्या हाती दुसरा कोण गाडी देणार? बाकीचे ट्रक उघडेच धावत राहिले.

गौरवी व्यवस्थापकांकडे गेली. त्यांनी तिला चहा पाजला आणि ट्रक कंत्राटदाराचे, त्यात कंपनीचा संबंध येत नाही, असं समजावलं. संस्थेच्या प्रमुखांनी सबुरीने घ्यायला सांगितलं. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम अजून मंजूर व्हायचा होता.

ती शिवदासच्या खोलीवर पोचली तेव्हा त्याची बायको लक्ष्मी भांडी गोणीत भरत होती. ती मान वर करून बघेना. अंकिता आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. हाक मारली तरी आली नाही. गौरवी माफी मागायला लागली, तसं शिवदासने तिला थांबवलं. तो रागावलेला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

"टीचर, तुमी शिकवलात ता खोटा नाय," तो म्हणाला. "पण ता कोणासमोर बोलूचा नाय, ता पण शिकवूक होया होता."

संध्याकाळच्या बसने ते गावी गेले.

नोकरी सोडायचं गौरवीने मनात आणलं, पण सोडली नाही. पुढच्या वर्षी डिचोलीकडची दुसरी शाळा मिळाली. तिथे समारोपाआधी तिने मुलांना प्रश्न लिहून द्यायला सांगितले. आमच्या विहिरीला तांबडं पाणी का येतं, असं एका मुलीने विचारलं होतं. गौरवीने ती चिठ्ठी दुमडून पर्समध्ये टाकली. मग त्या मुलीला जवळ बोलावलं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवरचा एक प्रश्न तिच्याकडून पाठ करून घेतला.