तांड्याकाठची दगडभुकटी

मी दगडाची भुकटी बोलतेय. जरा जवळ बसून ऐका, माझ्यानं आता मोठ्यानं बोलवत नाही.

मुकुटबनजवळच्या एका कारखान्यात दगड कापतात. पात्यावर पाणी सोडतात, गुळगुळीत फरश्या निघतात, आणि पात्याखालून जो पांढुरका चिखल वाहतो ती मी. एकाच दगडाच्या आम्ही, पण फरशीवर लोक चपला काढून चालतात आणि मला ट्रॉलीत भरून तांड्याशेजारच्या खड्ड्यात ओततात.

याच खड्ड्यातून तांड्यातल्या बाया दिवाळीआधी भिंतींसाठी पांढरी माती न्यायच्या. मी सुकले होते तेव्हा धुरपताबाई आली, मला चिमटीत चोळून हरखलीच. ना खडा, ना कचरा, चाळायचंही काम नाही. टोपलं भरून नेलं आणि अख्ख्या घराला माझा पोतारा दिला. काय उजळलं होतं घर! आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला हौसेनं हात लावला होता, म्हणून मीही चिकटून राहायची धडपड केली.

पण मी माती नाही हो. माझ्यात चिकटपणाच नाही. वाळले तशी भिंत सोडली. झाडू लागला की मी अंथरुणात, हंड्यात, भाकरीच्या पिठात. धुरपताबाईचा नातू ओम, त्याची छाती आधीच नाजूक. तो खोकून खोकून निळा पडायला लागला. डॉक्टरांनी ही धूळ आधी घरातून काढा म्हणून सांगितलं, तेव्हा म्हातारी कपाळाला हात लावून बसली. भिंती धुऊन काढल्या. तरी वारा सुटला की मी खड्ड्यातून उठून पुन्हा त्यांच्या दारात. मी तरी काय करू?

ओमचा बाप धरमसिंग पंजाबरावांच्या शेडवर सिमेंटच्या विटा पाडतो. वाळू मिळेना, म्हणून थोड्या वाळूऐवजी मला घालून पाहायचं पंजाबरावांनी ठरवलं. धरमसिंगला मात्र पोरासाठी खड्डाच रिकामा करायचा होता. पहिल्याच घाण्यात त्यानं मला भसाभसा ओतलं. सगळं पाणी मीच पिऊन बसले, विटा हातात फुटल्या. पंजाबराव म्हणाले, बंद करा हे नसते धंदे. त्यानं हात जोडून आणखी एक घाणा मागितला. या खेपेला मला बेतानं घेतलं आणि वीट टणक झाली.

त्याच विटांची खोली तो ओमसाठी बांधायला निघाला, तर धुरपताबाई दारात आडवी आली.

"थेच भुकटी पुन्हा घरात कायले आणून राह्यला? माह्याच हातानं पोराचा जीव गेला असता."

"याडी, सिमिटात बांधली का थे उडत नाई," एवढंच तो आईला म्हणाला.

खोली उभी राहिली, पण म्हातारी आत पाऊल टाकेना. मग एका दुपारी घरात कुणी नसताना ती आली. पदरानं भिंत जोर लावून घासली, पदर उन्हात धरून निरखला. काही नव्हतं. तिनं अंगणातल्या ओमला हाक मारली, माझ्याच भिंतीला टेकून त्याला मांडीवर घेतलं आणि त्याच्या पाठीला कान लावून कितीतरी वेळ बसून राहिली. मला फार बरं वाटलं.

पण त्या भिंतीत मी चिमूटभरच आहे. बाकीची अजून खड्ड्यात उघडी पडलेय. शेडवर जाते त्याहून जास्त रोज ट्रॉलीनं येते. लेकरांच्या नाकातोंडात जाऊन जाऊन थकले मी. सगळे सुटका मागतात, मी बांधून मागतेय. विटेत बांधा, रस्त्यात बांधा, कुठंही बांधा, पण लवकर.

आता पुन्हा वारा सुटलाय, आणि ओम अंगणात खेळतोय.