डावीकडचं मागचं दार

नागेशनं पेचकस दाराच्या खालच्या कडेला टेकवला, नुसता टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तसा चहाच्या भुकटीसारखा गंज भुरभुर लक्ष्मीबाईच्या पायावर सांडला.

“झालं? का अजून कुठं भोसकायचंय?” ती म्हणाली.

“मी न्हाय भोसकलं काकू. आधीच मेलेलं हाय.”

इंदापूरला हायवेच्या कडेला नागेशचं गॅरेज. समोर पांढरी अॅम्बेसिडर चारी दारं उघडून उभी होती, पंख पसरलेल्या म्हाताऱ्या कोंबडीसारखी. आणि गाडीपासून दोन पावलं मागं, हात पाठीशी बांधून, गंगाराम. एकोणीस वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, तेव्हा तो असाच उभा राहायचा. आता गाडी स्वतःची होती, तरी तो तसाच उभा राहायचा, आणि लक्ष्मीबाईचं डोकं त्याच गोष्टीनं फिरायचं.

“अवो, गाडी तुमची हाय. जरा टेका की तिला.”

“टेकलो तर दार पडंल,” गंगाराम म्हणाला.

परवा बारामतीला पासिंगला नेली होती. तिथल्या साहेबानं अंगठ्यानं दार दाबलं, अंगठ्याकडे बघितलं आणि सांगितलं, दारं करून सोमवारी आणा. नाहीतर ही गाडी पुन्हा रस्त्यावर यायची नाही. तेजश्री, त्यांची लेक, एमआयडीसीत दूध तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ती तर कधीची म्हणत होती, आई, विका आता ते धूड. पण लक्ष्मीबाईचा जीव त्या धुडात होता. नोकरी सुटली त्या वर्षी सरकारी लिलावात घेतलेली गाडी. वस्तीतली पहिली चारचाकी. ज्या दिवशी ती दारात आली, त्या दिवशी तिनं नवऱ्याला बजावलं होतं, “इतकी वर्षं लोकाची गाडी पुसली तेवढी बास. ह्या गाडीला फडकं लावायचं न्हाय. मालक हायसा आता. मालकावानी बसायचं.”

गंगारामनं ऐकलं होतं. बायकोचं तो ऐकायचाच. सगळ्यांचंच ऐकायचा.

नागेशनं आतलं अस्तर उचकटलं आणि दाराच्या तळातून ओंजळभर काळा चिखल काढला. त्यात कडुलिंबाची पानं होती, लिंबोळ्या होत्या, एक मेलेली गोम होती.

“हे बघा. दाराच्या तळाला भोकं असत्यात, पाणी निघून जायला. ही सगळी बुजल्यात. काचंवरनं आत गेलेलं पाणी हितंच साचलं, हितंच कुजलं. वर्षातनं चारदा खराट्याची काडी घातली असती ना तात्या, दारं अजून वीस वर्षं हलली नसती. तुमी तर जुनं ड्रायव्हर. तुमाला म्हाईत न्हवतं?”

“म्हाईत होतं,” गंगाराम म्हणाला, आणि बायकोकडे न बघता रस्त्यावरच्या उसाच्या ट्रककडे बघायला लागला.

लक्ष्मीबाईनं पदर सारखा केला. तो सारखाच होता.

“मग आता करायचं काय, ते सांग.”

“दोन वाटा. एक, खालचा सगळा पत्रा कापायचा, नवा वेल्डिंग करून मारायचा, वरनं लांबी म्हंजी पुट्टी भरायची, घासायची, रंग द्यायचा. सोमवारी पास हुईल. दोन पावसाळं निघतील, मग परत फुगंल. दुसरी म्हंजी, भिगवणला एका भंगारवाल्याकडं ह्याच गाडीची चार दारं आल्यात. मी फोटो बघितलाय. कोरी हायत. टिचकी मारली तर घंटेवानी वाजत्याल.”

“मग बसवू की तीच,” लक्ष्मीबाई म्हणाली. “त्यात इचार कसला?”

नागेशच्या टेम्पोतून तिघं भिगवणला गेले. भंगारवाल्याचं आवार मासळीच्या टपऱ्यांच्या मागं होतं. चिलापीच्या तळणाचा वास तारेच्या कुंपणातून आत येत होता आणि जाताना दोन किलो घ्यायची, असं तिनं मनात ठरवूनही टाकलं होतं. चार दारं भिंतीला ओळीनं टेकवलेली. नागेश पहिल्या दाराशी वाकला. गंगाराम मात्र तीन दारं ओलांडून सरळ चौथ्याकडे गेला, डावीकडच्या मागच्या, आणि त्यानं दाराच्या मुठीवर अंगठा ठेवला. अंगठा असा बसला की जणू त्याचा साचा तिथं कुणी कोरून ठेवला होता.

लक्ष्मीबाईनं तो अंगठा बघितला आणि तिला विचारायची गरजच राहिली नाही. तरी तिनं विचारलं.

“कुणाची गाडी?”

“विजयसिंहांची,” गंगारामनं जुन्या मालकाचं नाव घेतलं. “नातवानं भंगारात काढली जणू. शेडमधी पडून होती.”

ह्या दाराला लक्ष्मीबाईनं जन्मात एकदाच हात लावला होता. तेजू चार वर्षांची, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि भिगवणच्या स्टँडवर एसटीचा पत्ता नाही. समोरून पांढरी गाडी आली. नवरा चालवत होता. गाडी थांबली. तिनं पोरीला खांद्यावर टाकून मागच्या दाराची मूठ धरली. आत विजयसिंह एकटे बसले होते, शेजारी अख्खी सीट मोकळी. त्यांनी काच खाली घेतली नाही की मान वळवली नाही. “गंगाराम, चला,” एवढंच म्हणाले. “एष्टी येईल आत्ता.” आणि गाडी गेली. एसटी दोन तासांनी आली.

बंगल्याच्या मागच्या कोनाड्यात गंगारामसाठी दांडी तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा, हे तिला आधीपासून माहीत होतं. ते तिनं कधीच गिळलं होतं. नोकरी सोडून खायचं काय, हेही तिला कळत होतं. पण त्या संध्याकाळी नवरा घरी आला, हातपाय धुतले, पोरीच्या कपाळावर हात ठेवून बसला आणि एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा त्याच माणसासाठी दार उघडायला गेला. ते काही तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं. पंचवीस वर्षं झाली.

“नागेश,” ती म्हणाली, “आपलीच दारं शिव. पत्रा मार, लांबी भर, काय करायचं ते कर. हे दार माझ्या गाडीला लागणार न्हाय.”

नागेश चक्रावला. “काकू, असली दारं परत घावायची न्हाईत. आन् दाराला काय जात असती का?”

“दाराला नसती. आत बसणाऱ्याला असती.”

गंगारामनं मुठीवरचा अंगठा काढला नाही.

“लक्ष्मी,” तो म्हणाला, “दारं चांगली हायत.”

“असतील. तुमीच पुसली असतील घासून घासून.”

“पुसली की.” त्याचा आवाज चढला नाही, खालीही गेला नाही. “दर रविवारी काडी घालायचो. जळकं ऑइल सोडायचो आत. त्यांनी काय केलं? नुसतं बसलं. दारं माझ्या हातची हायत.”

“आन् मन भरलं न्हाय अजून? आता घरी आणून पुसायची हायत?”

गंगारामनं नागेशकडे बघितलं. “ह्याचं अस्तर काढ रं. आत बघून घे, मग काय ते तिला ठरवू दे.”

नागेशनं पेचकस फिरवला. अस्तर निघालं. आतला पत्रा काळ्या तेलात माखलेला, पण कुठं गंजाचा ठिपका नाही. तळाच्या भोकात खराट्याची काडीसुद्धा अजून अडकलेली होती. नागेश जीभ टाळ्याला लावून चकचक करत होता, तेवढ्यात थांबला.

“हे काय? आतली सळी कुणी सोडवून ठेवलीय तात्या? तुटलेली न्हाय, कुलपापासनं मुद्दाम काढलीय. वाजू नये म्हणून बाजूला बांधलीय चिंधीनं. आतनं कितीबी मूठ ओढली तरी हे दार उघडणार न्हाय.”

“उघडायचं न्हाय,” गंगाराम म्हणाला.

“मग आत बसलेला माणूस उतरायचा कसा?”

“मी उघडल्यावर.”

नागेशनं चिंधी सोडून तिच्या हातात दिली. लक्ष्मीबाईनं ती अंगठ्यानं चोळली. तेल बाजूला झालं तशी खालून हिरवी किनार दिसायला लागली. बारीक पिवळी वेलबुट्टी. निळ्या साडीची. नेसून एकच चौदा एप्रिल झालेली साडी. तेजू तापातून उठली त्या आठवड्यात दोरीवर वाळत घातली होती आणि संध्याकाळी काढायला गेली, तर टोकाला वीतभर किनार गायब. शेजारच्या कुशाबाईची शेळी तिथंच रवंथ करत बसलेली. त्या दिवशी लक्ष्मीबाईनं कुशाबाईच्या सात पिढ्या काढल्या होत्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं होतं, पण चिमटीत मीठ घ्यावं तेवढंच.

“किती दिस?” तिनं विचारलं.

“दहा वर्षं. नोकरी सुटंस्तवर.”

“त्यांनी दुरुस्त कराय सांगितलं न्हाय?”

“सांगितलं की. म्हणलं, सायेब, जुनी गाडी, पार्ट मिळंना.”

“पलीकडल्या दारानं उतरायचं त्यांनी.”

“पलीकडनं मी कायम भिताडाला चिकटवून लावायचो.” गंगारामच्या तोंडावर काही हललं नाही. “हितंच भिगवणला एक लग्न होतं. गाडी लावली आन् मी जेवाय गेलो. सायेब आत. काच खाली घेऊन हाका मारणं त्यांना बरं दिसंना.”

“मग?”

“मग काय? दोन पंगती झाल्या. जिलबी बरी होती. पान खाल्लं. आलो आन् उघडलं.”

“काय म्हणालं?”

“म्हणालं, गंगाराम, वेळ झाला. मी म्हणलं, व्हय सायेब, एष्टीगत झालं.”

आधी नागेश हसला. मग लक्ष्मीबाई. तोंडावर पदर घेऊन हसायला लागली ती थांबेचना, दाराला टेकली, डोळे पुसले, चिंधी त्याच हातात असल्यानं गालावर तेलाचा पट्टा उमटला. गंगाराम तेवढा हसला नाही. हात पाठीशी बांधून उभा होता. त्या उभं राहण्यात आता तिला काही वेगळंच दिसत होतं.

“मला सांगितलं असतं तर?” ती शेवटी म्हणाली.

“तू गावभर केलं असतंस.”

ते खरं होतं.

चिंधीची घडी घालून तिनं कमरेला खोचली. मग नागेशकडे वळली, आवाज पुन्हा पहिल्यासारखा करडा.

“चारी दारं टाक टेम्पोत. आन् ती सळी जोड. आमच्या गाडीत बसणाऱ्याला आपलं आपण उतरता आलं पायजे.”

रविवारी कडुलिंबाखाली गंगाराम खराट्याच्या काड्या आणि जळक्या ऑइलचा डबा घेऊन बसला. लक्ष्मीबाईनं बघितलं. थोड्या वेळानं आतून फडकं आणून त्याच्याकडे टाकलं. मग दुसरं आणलं आणि स्वतः काच पुसायला लागली.

सोमवारी बारामतीला निघताना तिनं कुंपणावरून हाक मारली, “कुशे, येतीस का? जाऊन येऊ.”

कुशाबाई दारातच थबकली. इतक्या वर्षांत त्या गाडीत बसायला कुणी तिला बोलावलं नव्हतं. “आज काय गं एवढं?”

“काय न्हाय. बस.”

तिला मागं डावीकडे बसवलं. पासिंगच्या मैदानावर साहेबानं अंगठा दाबला, टिचकी मारली, मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेला. गंगाराम सवयीनं उतरून गाडीला वळसा घालायला निघाला. पुढच्या चाकापर्यंत पोहोचतोय तोवर मागं खट् वाजलं आणि कुशाबाई पाय खाली टाकून उतरलीसुद्धा.

“सोपं हाय की गं,” ती म्हणाली.

गंगाराम चाकाशीच थांबला. मग जरा वेळानं बॉनेटला टेकला.

लक्ष्मीबाईनं पिशवीतून भाकरी आणि चिलापीचं कालवण काढलं. पहिली भाकरी कुशाबाईच्या हातावर ठेवली, माशाचा मधला तुकडाही तिलाच वाढला.

“कुशे,” ती म्हणाली, “तुझी ती शेळी, काळी होती का गं?”

“बांडी होती. मरून किती वर्षं झाली. का?”

“न्हाय,” लक्ष्मीबाई म्हणाली. “गुणाची होती बिचारी.”