वायरलेसचा परवचा

माझ्या श्रीकांतचं पाठांतर कच्चं होतं असं कुणी म्हणालं, तर त्याला मी दारात उभं करणार नाही. उभा जन्म हैदराबादेत कोठी भागातल्या मराठी शाळेत पोरांकडून पाढे घोटून घेतलेत मी, कुसुमताईंनी.

त्याचा सरकारी कारखाना मोडीत निघाला. पंचेचाळिशीच्या माणसाला हार घालून घरी बसवलं मेल्यांनी. तेव्हा सगळ्या हैदराबादला कॉम्प्युटरचं वेड लागलेलं. दिलसुखनगरला जिन्याजिन्यावर क्लासच्या पाट्या. श्रीकांतनं वायरलेसचा, म्हणजे तारेशिवाय कॉम्प्युटर जोडायचा क्लास लावला. तिथं मशीन मोजकी, पोरं ढिगानं. "अंकल, पहिले हम," म्हणत ती पुढं घुसायची आणि आमचा भिडस्त मागं उभा. माउसला त्याचा हात कधी लागलाच नाही.

मग मीच कंबर कसली. रोज दिवेलागणीला, देवापुढं निरांजन लावलं की त्याला पाटावर बसवायची. राउटर म्हणजे? माहिती कुठल्या रस्त्यानं जायची ते ठरवणारा. ॲक्सेस पॉइंट? तारेशिवाय कॉम्प्युटरला नेटवर्कमध्ये घेणारा. बग? प्रोग्राममधली चूक. कम्पाइलर? आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत करून देणारा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक शब्द गाळला की परत पहिल्यापासून म्हणायला लावायची. सून भाग्यलक्ष्मी म्हणायची, आई, यांना एकदा खरं मशीन हाताळायला मिळायला हवं. मी म्हटलं, पाया पक्का असला की मशीन कुठं पळून जातंय?

बेगमपेठेतल्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. हातावर दही घालून पाठवला. ही नोकरी हुकली तर या वयात दुसरं कोण दारात घेणार होतं त्याला?

संध्याकाळी परत आला आणि बूट न काढताच बसून राहिला. सुनेनं विचारून विचारून काढून घेतलं. साहेब म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं. एकही व्याख्या विचारली नाही त्यानं. लॅपटॉप पुढं सरकवला आणि म्हणाला, नेटवर्क येत नाहीये, जरा बघा. श्रीकांतनं हात मागं बांधले आणि राउटरपासून सुरुवात केली. पोरानं मध्येच थांबवलं, ते मला माहीत आहे अंकल, तुम्ही आधी काय कराल ते सांगा. मध्येच तोडल्यावर याला पुढचं आठवेना. म्हणून परत राउटरपासून. शेवटी पोरानं लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि चहा पिऊन जा म्हणाला.

असा संताप आला मला! पण ओरडायचं कुणावर? क्लासवाल्यावर, त्या पोरावर की सरकारवर? सुनेनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी निरांजन लावलं. श्रीकांत हातपाय धुऊन आपणहून पाटावर येऊन बसला.

"आई," तो म्हणाला, "आता काय पाठ करू?"

मी काही सांगायची वाट बघत तो तसाच बसून राहिला.